शिक्षणाचा खर्च कोणी सोसायचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेले भाषण)

शिबिराच्या संयोजकांनी ‘उच्च शिक्षण आणि आर्थिक साहाय्य’ हा विषय मला नेमून दिला, तेव्हा तो मला काहीसा रुक्ष वाटला. दाखले, अर्ज, मुदती आणि उत्पन्नाच्या मर्यादा यांत विचाराला जागा ती कुठली, असे मनात आले. परंतु गेल्या वर्षी घडलेला एक प्रसंग आठवला आणि माझे मत बदलले.

एक कोरडवाहू शेतकरी माझ्याकडे आला होता. त्याची मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकत होती. तिची शिष्यवृत्ती मंजूर झाली होती. पण तिचे बँकेचे खाते आधार क्रमांकाशी जोडलेले नसल्यामुळे रक्कम अडकून पडली होती. महाविद्यालयाने परीक्षेचा अर्ज अडवून धरला. बापाने बैलजोडी विकली आणि पैसे भरले. खाते जोडून घेण्यास बँकेत फार तर अर्धा दिवस लागला असता. “हे मला आधी कोणी सांगितलं नाही,” एवढेच तो म्हणाला. मित्रहो, त्या गावात आपल्या पक्षाची शाखा आहे. शुल्कवाढीविरुद्धच्या आपल्या मोर्चाला तोच शेतकरी पदरचे भाडे भरून आला होता. आजचे माझे बोलणे या घटनेचे उत्तर शोधण्यासाठी आहे.

शिक्षणाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा फुले यांनी नेमके यावरच बोट ठेवले होते. सरकारी तिजोरीतील महसूल प्रामुख्याने रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणाला होतो, हे त्यांनी सांगितले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. केवळ स्पर्धेतून दिलेल्या शिष्यवृत्त्या दिसायला न्याय्य असल्या, तरी शिक्षणापासून वंचित राहिलेल्या वर्गांत त्यांमुळे शिक्षण पसरत नाही, अशा अर्थाचे प्रतिपादन त्यांनी केले. गुणवत्तेच्या नावाने गरजेला डावलू नका, हा त्याचा मथितार्थ. आजही तो शिळा झालेला नाही.

त्यानंतरच्या काळात या प्रश्नाची उत्तरे कृतीतून दिली गेली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. शुल्क माफ झाले तरी राहण्या-जेवणाची सोय नसेल तर खेड्यातला मुलगा शिकू शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने श्रमाला व शिक्षणाला एकत्र आणले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते असताना, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना ई.बी.सी.ची शुल्कमाफी मिळाली. आपल्यापैकी अनेकांचे वडील त्या सवलतीवर पदवीधर झाले. या साऱ्यांमागील सूत्र एकच होते: विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भार समाजाने उचलायचा.

हे सूत्र बदलले ते १९८३ पासून. त्या वर्षी महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्यात आली. देणग्यांची लूट इतकी वाढली की १९८७ साली कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे १९९३, २००२ आणि २००५ चे निकाल आले. २०१५ च्या राज्य कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आले. शुल्काचे नियमन झाले, परंतु संस्थेचा संपूर्ण खर्च विद्यार्थ्याच्या शुल्कातून वसूल करायचा हे तत्त्व मात्र सर्वमान्य होऊन बसले. राज्याने महाविद्यालये काढण्याची जबाबदारी टाकून दिली आणि खाजगी महाविद्यालयांच्या शुल्काची भरपाई करण्याची जबाबदारी अंगावर घेतली. म्हणजे पैसा सार्वजनिक, मालकी खाजगी.

आज ज्या योजना आहेत, त्या नाकारण्याचे कारण नाही. त्या लोकांच्या दबावातून मिळाल्या आहेत. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा खर्च २०२० च्या निर्णयानुसार केंद्र व राज्य साठ-चाळीस या प्रमाणात उचलतात. राज्यात राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार, स्वयं यांसारख्या योजना आहेत. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. हे स्वागतार्ह आहे.

परंतु योजनेच्या कागदावरील मजकुराइतकेच तिच्यातील फटींकडे लक्ष द्यावयास हवे. मुलींची शुल्कमाफी मध्यवर्ती प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांनाच लागू आहे. व्यवस्थापन कोट्याला आणि खाजगी अभिमत विद्यापीठांना ती नाही. प्रवेशाच्या घाईत गोंधळलेला पालक संस्था पातळीवर प्रवेश घेतो आणि एका सहीसरशी चार वर्षांचा हक्क गमावतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख, तर इतर योजनांची आठ लाख. या विषमतेचे समर्थन कसे करणार? स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मिळणारी रक्कम वर्षाला साठ हजारांपर्यंत, म्हणजे महिन्याला पाच हजार. त्यात खोलीचे भाडे आणि दोन वेळचे जेवण कसे बसते, हे पुण्यात राहिलेल्या कोणालाही विचारा. आणि सर्वांत मोठी फट काळाची आहे. शुल्क जुलै-ऑगस्टमध्ये मागितले जाते, शिष्यवृत्ती येते वर्ष सरताना. मधल्या महिन्यांत सावकार उभा असतो.

या फटीत आता कर्जाला बसवण्यात येत आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तारण नको, जामीनदार नको. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत. ज्याला ती मिळते त्याने अवश्य घ्यावी. पण मंजुरीच्या वेळी तिच्यात देशभरातील ८६० वरच्या क्रमांकाच्या संस्था होत्या. तालुक्याच्या महाविद्यालयातला विद्यार्थी बहुधा त्या यादीबाहेरच राहतो. शिवाय शैक्षणिक कर्जाचा हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होत असला, तरी व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असते. कर्जदार पदवीधर मिळेल ती नोकरी, मिळेल त्या अटीवर पत्करतो. संघटित होण्याचे धैर्य त्याच्यात उरत नाही. शिष्यवृत्तीवर शिकलेला तरुण समाजाचा ऋणी असतो. कर्जावर शिकलेला तरुण बँकेचा. या दोन ऋणांतील अंतर समाजवाद्यांना तरी कळले पाहिजे.

येथे एक आक्षेप आपल्याच गोटातून घेतला जातो. जो मजूर स्वतः शाळेत गेला नाही, त्याच्या करातून डॉक्टर-इंजिनिअर का घडवायचे? फुल्यांचाच मुद्दा असल्यासारखा तो भासतो. परंतु फुल्यांचे म्हणणे शिक्षणावरचा खर्च थांबवा असे नव्हते; तो रयतेच्या मुलांपर्यंत पोहोचवा, असे होते. मोठे शुल्क आकारल्याने मजुराचा कर वाचत नाही, त्याच्या मुलीची जागा मात्र जाते. पदवीधराने पुढे भरपूर कमावले, तर चढत्या आयकरातून त्याच्याकडून घ्या. शिकण्यापूर्वीच दारात पैसे मागू नका. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा असे सांगितले, २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला. जो आकडा इतकी वर्षे धोरणांतून फिरतो आणि अंदाजपत्रकात उतरत नाही, तो उतरवणे हा राजकीय संघर्षाचा विषय आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. शिष्यवृत्ती मंजूर होईपर्यंत कोणत्याही पात्र विद्यार्थ्याकडून शुल्क घेऊ नये व त्याचा परीक्षेचा अर्ज अडवू नये. निर्वाहभत्ता महागाईशी जोडावा. उत्पन्नमर्यादा सर्वांना समान असावी. शासकीय वसतिगृहे आणि अनुदानित जागा वाढवाव्यात.

पण मागणी मान्य होईपर्यंत त्या शेतकऱ्याला काय सांगायचे? माझी सूचना साधी आहे. प्रत्येक तालुका कार्यालयात मे ते सप्टेंबर आठवड्यातून दोन संध्याकाळी विद्यार्थी साहाय्य केंद्र चालवावे. बारावीची परीक्षा संपताच मुलांकडून उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर यांसाठी अर्ज करून घ्यावेत. निकालानंतर तहसीलीत रांगा लागतात. खाते आधारशी जोडले आहे की नाही, हे आधी पाहावे. महाडीबीटीवरचा अर्ज भरल्यावर तो महाविद्यालयाने पुढे पाठवला का, याचा पाठपुरावा करावा. अनेक अर्ज तेथेच पडून राहतात. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरू देऊ नये. प्रवेश कोणत्या फेरीतून घेतला जात आहे, हे सही करण्यापूर्वी वाचून दाखवावे. आणि एखाद्या महाविद्यालयाने पात्र विद्यार्थ्याला अडवले, तर समाजकल्याण कार्यालयात लेखी तक्रार घेऊन त्याच्यासोबत जावे.

हे काम कारकुनी आहे, असे कोणी म्हणेल. भाऊरावांच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, तेव्हा त्यांनीही काही सिद्धान्त मांडला नव्हता. भाकरीची व्यवस्था केली होती. अर्ज भरून देणारा कार्यकर्ता जेव्हा योजनेतील फट स्वतः पाहतो, तेव्हाच त्याच्या मोर्चातील घोषणेला वजन येते. आणि ज्याचा अर्ज त्याने भरला, तो मोर्चात त्याच्या शेजारी उभा राहतो.

ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. अडकलेली रक्कम यथावकाश खात्यात आली, परंतु तेवढ्या पैशांत बैलजोडी परत घेता आली नाही. येत्या जूनमध्ये आपल्या तालुक्यात दुसरी बैलजोडी विकली जाऊ नये, एवढा संकल्प करून या शिबिरातून आपण उठू या.