पडवीतील माणसे आणि वनहक्क
(भाषणाचा मजकूर)



आज ज्या विषयावर मी आपणांशी बोलणार आहे त्याचे नाव परदेशी आहे. त्यास 'लॉबी' असे म्हणतात. लॉबी म्हणजे सभागृहाबाहेरची पडवी. सभासद आत बसून कायदे करतात आणि ज्यांना त्या कायद्यांतून काही मिळवावयाचे असते ते बाहेर पडवीत त्यांची वाट पाहत उभे राहतात. या उभे राहण्याचा अमेरिकेत आज केवढा मोठा धंदा झाला आहे, याची आपणांस कल्पना नसेल. तेथील केंद्र सरकारचे मन वळविण्यासाठी वर्षाला चार अब्ज डॉलरहून अधिक रक्कम खर्च होते, आणि ती उघडपणे, सरकारी दप्तरी नोंद करून खर्च होते.

'उघडपणे' हा शब्द मी मुद्दाम वापरला. सरकारपुढे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क अमेरिकेच्या घटनेने १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीनेच नागरिकांस दिला आहे. तेव्हा पडवीत उभे राहणाऱ्यास हाकलून देता येत नाही. पडवीत दिवा मात्र लावता येतो. १९४६ साली तसा एक कायदा झाला, तो अपुरा पडला म्हणून १९९५ साली दुसरा झाला. कोण, कोणाच्या वतीने, कोणत्या प्रश्नावर, किती पैसा घेऊन बोलत आहे, हे त्यान्वये नोंदवावे लागते.

एवढ्याने न्याय होतो असे मात्र समजू नका. २०१३ च्या एप्रिल महिन्यात बंदूक विकत घेणाऱ्याची पूर्वचौकशी वाढविण्याचा प्रस्ताव अमेरिकन सिनेटपुढे आला. लोकमताच्या चाचण्यांत बहुसंख्य जनता त्याच्या बाजूची होती. सिनेटमध्येही त्याला ५४ मते मिळाली. परंतु अडवणुकीच्या नियमामुळे ६० हवी होती, आणि तो पडला. बंदूकवाल्यांची संघटना १८७१ पासूनची आहे. तिचे सभासद याच एका प्रश्नावर मत देतात, आणि उमेदवारास ते ठाऊक असते. बाकीच्या जनतेला शंभर प्रश्न असतात. मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली हेच शास्त्रीय रीतीने मांडले: ज्या मूठभर लोकांना मोठा लाभ होतो ते संघटित होतात, आणि ज्या लाखोंचे प्रत्येकी थोडेथोडे नुकसान होते ते घरी बसतात.

पण त्याच पडवीत निग्रो समाजही उभा राहिला, हे आपण विसरता कामा नये. १९०९ साली स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेने न्यायालयात १९५४ साली शाळांतील वर्णभेदाविरुद्ध निर्णय मिळविला. तिचे वॉशिंग्टनमधील प्रतिनिधी क्लॅरन्स मिचेल यांना तर लोक 'एकशे एकावे सिनेटर' म्हणत. सिनेटर शंभरच असतात. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामागे त्यांचे वर्षानुवर्षांचे जिने झिजविणे आहे. याच संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डॉ. ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून, निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाविषयी विचारणा केली होती. अस्पृश्यांनाही तो मार्ग चोखाळता येईल काय, हा विचार त्यामागे होता. सारांश, पडवी वाईट नाही. ती कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न आहे.

आपल्या देशात असा नोंदणीचा कायदाच नाही. उलट २०१८ साली निवडणूक रोखे आले. पक्षाला देणगी कोणी दिली हे मतदाराला कळू नये अशी ती व्यवस्था होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती घटनाबाह्य ठरविली. येथे पडवी आहेच, दिवा मात्र नाही.

आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे येऊ. दारूची गोष्ट आपणांस ठाऊकच आहे. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या स्त्रिया २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून त्यांच्या जिल्ह्यातही बंदी आली. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठविली. अवैध दारू वाढली, महसूल बुडाला, अशी कारणे सांगण्यात आली. ती कितपत खरी याचा वाद मी आज काढीत नाही. एवढेच पाहा की, चालत जाण्यास स्त्रियांना मजुरी बुडवावी लागली. ज्यांचा धंदा बुडाला होता त्यांना आपली बाजू मांडण्यासाठी मजुरी बुडवावी लागत नाही.

याहून बोधप्रद गोष्ट बांबूची आहे. बांबू हे गवत आहे, हे वनस्पतिशास्त्राचे साधे पुस्तकही सांगेल. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने मात्र त्याला 'झाड' ठरविले. एका व्याख्येने काय होते पाहा. झाड ठरल्यावर त्याची मालकी सरकारची झाली, आणि बुरडाने टोपलीसाठी काठी तोडली तर तो गुन्हेगार झाला. बल्लारपूरच्या कागद गिरणीला मात्र तोच बांबू सरकारी पट्ट्याने मिळत गेला. गिरणी १९४५ ची, कायदा १९२७ चा. तेव्हा व्याख्या गिरणीने लिहवून घेतली असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. परंतु ती नव्वद वर्षे का टिकली, या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या सोयीची ती होती त्यांच्याकडे शोधावे लागते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला त्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, पण वाहतुकीचा परवाना मिळेना. वनखाते जुन्या व्याख्येवर बोट ठेवी. ग्रामसभा मात्र हटली नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्या गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. १९२७ च्या व्याख्येतून बांबू हा शब्द निघण्यास पुढे २०१७ साल उजाडले.

आता या कायद्याचा आपणां बौद्ध कुटुंबांशी काय संबंध, ते सांगतो. डिसेंबर २००५ मध्ये विधेयक आले तेव्हा ते केवळ अनुसूचित जमातींपुरते होते. त्याच रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा, मोहफूल वेचणारा, सरपण आणणारा आपला माणूस त्यात नव्हता. वन्यजीव रक्षणाच्या काही संस्था मूळ विधेयकासच विरोध करीत होत्या. वननिवासींच्या संघटना दिल्लीत उलट दाब आणीत होत्या. किशोर चंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीपुढे साक्षी झाल्या आणि कायद्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' हे शब्द आले. सोबत अटही आली: १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, रहिवास आणि वनावर उपजीविका. आदिवासींस ही अट नाही. माझ्या मते ही अट जाचक आहे. परंतु आहे ती अशी आहे, आणि तिचा नेमका अर्थ समजून घेतला पाहिजे.

७५ वर्षे सिद्ध करावयाची ती रहिवासाची. त्याच शेताच्या तुकड्यावरील ताब्याची नव्हेत. जमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असला की पुरे. दुसरी गोष्ट, आजोबांच्या दाखलखारीज नोंदीत एक जात आणि आपल्या दाखल्यावर 'बौद्ध' असे असले तरी घाबरू नका. 'इतर पारंपरिक वननिवासी' या व्याख्येत जात किंवा धर्म विचारलेला नाही. वंशावळ जुळली पाहिजे, एवढेच. निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज, बंदोबस्ताचे कागद शोधा. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, म्हणून जुने दप्तर चंद्रपुरासही पाहावे. कागद नसतील तर गावातील वृद्धाचे लेखी निवेदन हाही पुरावा आहे. मात्र तो वृद्ध स्वतः दावेदार नसावा. अमुकच कागद हवा असा हट्ट समित्यांनी धरू नये, असे २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटले आहे.

दावा ग्रामसभेपुढे जातो. तेथे निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांपैकी एक तृतीयांश स्त्रिया लागतात. आपल्या घरातील स्त्री त्या दिवशी चुलीपाशी राहिली, तर सभाच कायदेशीर होत नाही. सामूहिक हक्काचा दावा असेल तर आदिवासी बांधवांबरोबर एकाच ठरावावर बसा. तुमचा वेगळा आणि त्यांचा वेगळा अर्ज करविणारे मध्यस्थ भेटतील. हक्क गावाचा आहे, त्याचे तुकडे पाडून कोणाची सोय होते हे त्यांना विचारा. दावा नामंजूर झाल्यास कारण लेखी मागून घ्या. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे, आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जाता येते. दोन्ही ठिकाणी मुदत साठ दिवसांची आहे.