बेरजेत कोण नाही?

साहित्याच्या व्यासपीठावरून धरणाचं काय बोलायचं, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी आज थोडं सोसावं. तानसा धरण 1892 साली पूर्ण झालं. पुढं भातसा झालं आणि आज मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसातून जातं. ही धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथंच कसाऱ्याकडच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, विहिरीत रिकामा होतो आणि त्या गढूळ पाण्यात पोहरे सोडायला बायांची झुंबड उडते. याला सरकारी अनास्था म्हटलं की आपण मोकळे होतो. नुसती अनास्था असती, तर एखाद्या कर्तबगार तहसीलदारानं ती एव्हाना दूर केली असती. हे सगळं कायद्याला धरून चाललंय, आणि त्या कायद्याच्या पोटात एक विचार आहे: पुष्कळांचं भलं होत असेल तर थोड्यांनी सोसावं.

इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमनं हा विचार मांडला तेव्हा त्याचा रोख मूठभरांच्या मिरासदारीवर होता. आपल्याकडं 1894 च्या भूसंपादन कायद्यानं त्याला सरकारच्या दावणीला बांधलं. सार्वजनिक कामासाठी जमीन हवी, असं सरकारनं एकदा जाहीर केलं की ती घोषणाच निर्णायक पुरावा! मुळशीचे मावळे 1921 मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले, पुढं सेनापती बापटांनी तुरुंग पत्करला, जमिनी गेल्याच. तो कायदा बदलायला 2013 उजाडलं. आणि तोवर हिशोब कुणाचा होता? सातबारावर नाव असेल त्याचा. गुंठाभर जमीन नावावर नसलेला, रानावर जगणारा कातकरी ना बेरजेत होता, ना वजाबाकीत.

मुंबईच्या झोपडपट्टीतला माणूसही हेच पाणी पितो, त्याचं काय, असं विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचा नळ तोडा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण मग बेरीज तरी नीट करा. मुंबईला रोज 380 कोटी लिटरच्या घरात पाणी जातं. केंद्राच्या जलजीवन मिशनच्या दरडोई रोज 55 लिटरच्या मापानं एक लाख गावकऱ्यांना 55 लाख लिटर लागेल. पाव टक्काही नाही! म्हणजे पुष्कळांच्या भल्यासाठीसुद्धा हे पाडे तहानलेले राहायची गरज नव्हती. पाडे विखुरलेले, उंचावर, खर्च परवडत नाही, हे दुसरं उत्तर. मुंबईपर्यंत जलवाहिन्या टाकताना अंतर आडवं आलं नाही, ते पाड्यापाशीच कसं येतं? परवडणं हा आकड्यांचा निकाल नसतो. कुणासाठी खर्च करायचा हे आधी ठरतं. याच महाराष्ट्रानं विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आणली, त्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला आणि 1977 मध्ये तिचा कायदा केला. काम हा हक्क मानला, मग पैसा निघाला.

कायदा मोडला तर न्यायालय आहेच, असंही कुणी म्हणेल. मुरबाडच्या काळू धरणाचं काम वनखात्याची परवानगी नसताना सुरू झालं होतं. 2012 मध्ये उच्च न्यायालयानं ते थांबवलं. न्यायालयानं हात दिला, पण प्रत्येक धरणामागं कोर्टाची पायरी कोण चढणार? आज संध्याकाळी आपण ठराव करणार आहोत. त्यात ‘शासनाने लक्ष द्यावे’ हे गुळमुळीत वाक्य नको. धरणाच्या मंजुरीतच अट घाला, असं लिहा: उगमाकडच्या गावापाड्यांचे नळ बारमाही सुरू होईपर्यंत शहराचा वाटा एका लिटरनंही वाढवायचा नाही.