राखणीची कुत्री लावावी का, आणि नर कोणता?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर सकाळपासून बोलणं झालं. मी जरा वेगळा विषय घेणार आहे. काल रात्री एका भावानं मला विचारलं, "साहेब, माझी कुत्री जागलीला एक नंबर आहे. तिला कोणता कुत्रा लावू?" आजूबाजूचे चारचौघं हसले. मला हसू आलं नाही. ज्वारी निसवली की डुकरं आणि रोही यांच्यामागं कशा रात्री जातात, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. कुत्री भुंकते म्हणून माणूस उठतो, बॅटरी मारतो, डबा वाजवतो. (डुकरावर कुत्री सोडून शिकार करणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. त्या भानगडीत पडू नका.)

पण नराच्या आधी दुसरा प्रश्न आहे. लावायचीच कशाला?

कापसाचा उत्पादन खर्च आपण पैशापैशानं मांडतो, तसा इथंही मांडा. कुत्री साधारण ६३ दिवस गाभण राहते. म्हणजे पोळ्याला लावली तर दिवाळीला विते. नेमकी ज्वारी उभी, कापूस फुटलेला, आणि राखणदारीण पिल्लं घेऊन कडब्याच्या गंजीखाली! गाभणपणाचे शेवटचे तीन-चार आठवडे आणि पाजायचे दोन महिने तिच्याकडून जागल होत नाही. खाणं मात्र दुप्पट-तिप्पट लागतं. तेव्हा पोळ्याचा माज सोडून द्या. सहा-सात महिन्यांनी ती पुन्हा माजावर येते.

आणि पाच-सहा पिल्लं झाली तर नेणार कोण? नर पिल्लू मागायला लोक येतात, मादी कोणी मागत नाही. मग पोत्यात घालून बाजाराच्या गावी सोडतात. तीच बिनलसीची कुत्री पुढं कुणाच्या तरी पोराला चावते. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही, हे विसरू नका. पिल्लं नेणारी घरं आधी ठरली नसतील तर लावू नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नसबंदीची चौकशी करा. 'एक वेत झाल्याशिवाय कुत्री निरोगी राहत नाही' हा निव्वळ गैरसमज आहे. उलट लवकर नसबंदी केली तर आचळाच्या गाठी कमी होतात.

घरं ठरली, कुत्री दोन वर्षांची झाली, लस आणि जंताचं औषध दिलं, तर मग नर पाहा. पहिल्या माजाला मात्र नकोच, तिचीच वाढ पुरी झालेली नसते.

आपल्याकडं अल्सेशियनची हौस फार. सीएसएच-१ हा ज्वारीचा संकर १९६४ साली आला, तेव्हापासून आपण एक गोष्ट शिकलो: संकरिताचंच बी पुन्हा पेरलं की ताटं सारखी येत नाहीत. इथंही तसंच होतं. शिवाय लांब केसांचं ते जनावर मे महिन्यात आपल्या वावरात धापा टाकत बसतं. मी तर म्हणतो, गावठीच नर घ्या, पण कामाचा. अनोळखी माणसावर भुंकतो आणि मालकानं हाक मारली की थांबतो का? शेळ्या-कोंबड्यांच्या वाटेला जात नाही ना? पोरांवर गुरगुरत नाही ना? त्याची आधीची पिल्लं जवळपास असतील तर ती जाऊन पाहा. तो कुत्रीचा बाप, भाऊ किंवा आधीच्या वेताचा पोरगा नसावा. लहान गावात हे सहज घडतं.

आणि त्याचं लिंग तपासून घ्या. लाजू नका. फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ असेल तर तो रोग मिलनातून कुत्रीला लागतो. मी कृषी पदवीधर, तरी शेजारच्या वावरातल्या रुबाबदार कुत्र्याला भुललो. आमच्या कुत्रीला तीच गाठ झाली. दर आठवड्याला एक इंजेक्शन, पाच आठवडे तालुक्याच्या फेऱ्या. बरी झाली, पण तो हंगाम गेला.

शेवटी राखण. इथं ज्वारीचा बीजोत्पादन प्लॉट घेतलेले लोक असतील, त्यांना विलगीकरण अंतर समजावून सांगायला नको. कुत्रीला तेच लागतं. माज साधारण तीन आठवडे असतो. सुरुवातीला रक्त जातं, तेव्हा ती नराला जवळ येऊ देत नाही. साधारण नवव्या दिवसापासून स्राव फिका होतो, ती शेपटी बाजूला घेते. तेव्हा निवडलेला नर एक दिवसाआड दोनदा लावा. पण नंतर मोकळी सोडू नका. एकाच वेतात दोन-तीन बापांची पिल्लं होऊ शकतात. तीन आठवडे पुरे होईपर्यंत दाराआड ठेवा. साखळीनं अंगणात बांधाल तर गावचे सगळे कुत्रे अंगणात येतील.

काल ज्यांनी विचारलं त्यांना मी एवढंच म्हटलं, पिल्लं नेणाऱ्यांची नावं सांगा. त्यांनी तीन सांगितली. त्यातले दोघं याच मंडपात बसलेत. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी त्या भावाला भेटावं, आणि मादी पिल्लू नेणार का तेही आजच सांगून टाकावं.