अन्नपूर्णेच्या वाटेवर : नकाशा कोणता, पुस्तक कोणते?

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



आपल्या मंडळातील काही भगिनींनी येत्या आश्विनात नेपाळात जाऊन, अन्नपूर्णा पर्वताभोवतीची वाट पायी चालून मुक्तिनाथाचे दर्शन घेण्याचा बेत केला आहे. त्यांनी मला विचारले, "बरोबर नकाशा कोणता घ्यावा आणि पुस्तक कोणते?" प्रश्न लहानसा दिसतो. परंतु ज्या वाटेवर ५,४१६ मीटर उंचीची खिंड ओलांडावयाची आहे, तेथे तो जिवाशी गाठ घालणारा आहे. म्हणून आज बोलण्यासाठी मी हाच विषय घेतला.

प्रथम एक समजूत दूर करू या. "नकाशा पाहणे हे पुरुषांचे काम, वाटाड्या बरोबर असला म्हणजे झाले," असे आपल्यापैकी पुष्कळजणी म्हणतात. वाटाड्या जरूर घ्यावा. पण आज किती चढावयाचे आणि रात्री किती उंचीवर झोपावयाचे, हे आपले आपल्याला कळलेच पाहिजे. डोके आपले दुखत असते. ते वाटाड्याला दिसत नाही. आणि विणकामाचा नमुना पाहून जी टाके मोजते, तिला नकाशावरच्या रेषा मुळीच अवघड नाहीत.

आता नकाशा. नकाशा घेताना सर्वांत आधी त्याचे प्रमाण पाहावे. एकास पन्नास हजार असे छापले असेल, तर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. एकास एक लाख असेल, तर एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. सगळी प्रदक्षिणा एका कागदावर दिसावी म्हणून दुसरा बरा. पण खिंडीच्या भागासाठी पहिल्यासारखा मोठा नकाशा मिळाला तर तोही घ्यावा. नेपाळ सरकारच्या नापी विभागाने फिनलंडच्या साह्याने उंच पर्वतभागाचे असे नकाशे काढलेले आहेत. प्रवाशांसाठी छापलेले नकाशे काठमांडूच्या ठमेल भागात आणि पोखऱ्यात दुकानांतून मिळतात.

दुसरी पाहण्याची गोष्ट समोच्च रेषांची. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या या रेषा आपण शाळेत भूगोलात शिकलो आहोत. त्या जवळजवळ आल्या की चढ उभा, विरळ झाल्या की जमीन सपाट. नुसते रंग भरलेला, या रेषा नसलेला नकाशा दिसायला सुरेख असतो. तो घेऊ नये. या रेषा काय सांगतात पाहा. थोरांग फेदीहून खिंडीवरून मुक्तिनाथाला जाणारी वाट एक लाखाच्या नकाशावर वीतभरही भरत नाही. पण रेषा मोजल्या तर कळते, की त्या एका दिवसात सुमारे एक हजार मीटर चढून नंतर सोळाशे मीटर उतरावयाचे आहे! हाच प्रवास उलट केला, तर सोळाशे मीटरांची चढण एका दिवसात पदरी पडते. म्हणूनच बहुतेक प्रवासी मनांगकडून मुक्तिनाथाकडे जातात. प्रदक्षिणेत देव आपल्या उजव्या हाताला असावा असे आपण मानतो. येथे मात्र अन्नपूर्णा डाव्या हाताला राहते. देवीची क्षमा मागावी, पण दिशा बदलू नये.

नकाशा छापलेला आहे म्हणून तो खराच, असेही समजू नये. १९५० साली फ्रेंच गिर्यारोहक या पर्वतावर चढावयास आले, तेव्हा त्यांच्याजवळच्या नकाशात शिखराजवळच्या दऱ्याखोऱ्या चुकीच्या दाखविलेल्या होत्या. पर्वताकडे जाण्याची वाट शोधण्यातच त्यांचे कित्येक आठवडे गेले. पावसाळा तोंडावर आला असता, ३ जूनला एर्झोग आणि लाशनाल शिखरावर पोचले. पण हिमदंशाने दोघांचीही पायांची बोटे गेली आणि एर्झोग यांच्या हातांचीही. आजचे नकाशे पुष्कळच चांगले आहेत. तरी कोणत्या साली पाहणी झाली, हे नकाशाच्या कडेला वाचूनच पैसे मोजावेत.

आता पुस्तकाकडे वळते. नकाशा जमीन सांगतो. पुस्तक माणसाचा अनुभव सांगते. काली गंडकीच्या खोऱ्यात सकाळ सरता सरता असा सोसाट्याचा वारा सुटतो, की कागबेनीहून जोमसोमला जाताना डोळे उघडवत नाहीत. हे नकाशावर कोठेच लिहिलेले नसते. पहाटे लवकर निघा, असे पुस्तकच सांगते.

पण जमिनीपेक्षा अनुभव लवकर जुना होतो. जुन्या पुस्तकांत ही वाट सुमारे तीन आठवड्यांची आहे. बेसीसहरहून, म्हणजे आठशे मीटरांच्या आसपासहून, पायी निघावयाचे आणि आठवडा-दहा दिवसांनी ३,५४० मीटरांवरच्या मनांगला पोचावयाचे. आता मनांगपर्यंत जीप जाते आणि पलीकडून मुक्तिनाथापर्यंतही जाते. जुने पुस्तक घेऊन गेलेल्या प्रवाशाला पाऊलवाटेऐवजी धुळीचा रस्ता भेटतो. हे नुकसान थोडे आहे. मोठा धोका निराळाच. चालण्याच्या त्या दिवसांत शरीर विरळ हवेला हळूहळू सरावत असे. जीपने ते दिवस वाचतात आणि सरावही बुडतो.

म्हणून पुस्तक निवडताना दोन कसोट्या लावाव्या. एक, आवृत्ती अलीकडची असावी आणि रस्ता टाळून जाणाऱ्या नव्या पाऊलवाटा तीत दिलेल्या असाव्यात. या वाटांवर दगडांवर आणि झाडांवर रंगाचे पट्टे ओढून खुणा केल्या आहेत. दोन, प्रत्येक मुक्कामाची उंची दिलेली असावी. नियम असा : तीन हजार मीटरांच्या वर झोपण्याची जागा आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरांहून अधिक उंच नसावी आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. पुस्तकातील मुक्काम हाती पेन्सिल घेऊन तपासा. मनांगला दोन रात्री तरी काढा. हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे उपचारकेंद्र तेथे हंगामात चालते. डोके दुखून मळमळू लागले तर वर जाऊ नये; तोल जाऊ लागला तर रात्रीची वेळ असली तरी खाली उतरावे. पुस्तकात त्या दिवसापुढे 'थोरांग फेदी' लिहिले आहे, म्हणून तेथे पोचलेच पाहिजे असे नाही.

फोनमध्ये सर्व नकाशे असतात, असे आपल्या मुली म्हणतील. खरे आहे, आणि आपण कोठे आहो हे तो चटकन दाखवितोही. परंतु थंडीत त्याची बॅटरी लवकर उतरते. तेव्हा फोन असावा आणि कागदही असावा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून, बोचक्याच्या तळाशी नव्हे, हाताशी ठेवावा.

आणि नकाशा व पुस्तक दोन्ही जेथे मुकी होतात, ती गोष्ट हवामानाची. २०१४ च्या ऑक्टोबरात, म्हणजे उत्तम समजल्या जाणाऱ्या हंगामात, हुदहुद वादळाच्या शेपटाने या भागात एकाएकी हिमवर्षाव झाला आणि चाळिसांहून अधिक माणसे प्राणास मुकली. म्हणून खिंडीखालच्या मुक्कामी धर्मशाळेच्या बाईला आणि वरून उतरणाऱ्या माणसाला विचारल्याखेरीज पाऊल उचलू नये. एखादा दिवस थांबावे लागेल. तो दिवस परतीच्या तिकिटात आधीच धरून ठेवावा.

जाणाऱ्या भगिनींना माझी विनंती एवढीच, की नकाशा एकीच्याच पिशवीत राहू देऊ नका. निघण्यापूर्वी महिनाभर आधी तो मंडळाच्या सतरंजीवर पसरा आणि प्रत्येकीने आपल्या बोटाने सगळी वाट एकदा चालून पाहा. मुक्तिनाथाच्या एकशे आठ धारांखाली आपण सर्वजणी सुखरूप उभ्या राहा आणि आम्हांसाठी गंडकीतला एखादा शाळिग्राम दृष्टीस पडला तर त्याला आमचा नमस्कार सांगा.