सेवेची पदवी आणि कर्जाचा हप्ता

(समाजकार्याच्या शिक्षणास मुले पाठवू इच्छिणाऱ्या पालकांपुढे दिलेले भाषण)



आपल्या घराघरांतील मुलगे आणि मुली आज समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीकडे, म्हणजे एम. एस. डब्ल्यू.कडे वळत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. ज्यांच्या पूर्वजांनी दुःख भोगले त्यांना दुसऱ्याचे दुःख निवारण्याचे शास्त्र शिकावेसे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु मी वकील आहे, आणि वकिलाकडे माणूस बहुधा सही करून झाल्यावर येतो. शैक्षणिक कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी काय पाहावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

कर्ज काढून शिकणे लाजिरवाणे नव्हे. बाबासाहेब १९१३ साली बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेस गेले, तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना लिहून द्यावा लागला होता. पुढे १९२० साली लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यास ते निघाले, ते सिडनहॅम कॉलेजातील पगारातून शिलकीस टाकलेली रक्कम, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये यांच्या बळावर. यातील क्रम ध्यानी घ्या. आधी स्वतःची शिल्लक, मग मिळू शकणारे साहाय्य, आणि शेवटी उरलेल्या गरजेपुरतेच कर्ज. आपल्या अनेक घरी हा क्रम उलटा होतो. बँकेचा अर्ज आधी भरला जातो आणि शिष्यवृत्तीची चौकशी मागाहून होते.

तेव्हा प्रथम हक्काचे काय आहे ते पाहू. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. १९९० च्या दुरुस्ती कायद्याने केंद्राच्या सवलती अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही लागू झाल्या. मात्र त्यासाठी धर्मांतराचा उल्लेख असलेला योग्य नमुन्यातील जातीचा दाखला हाती असला पाहिजे. तो प्रवेशाच्या वेळी नव्हे, आधीच्या वर्षीच काढून ठेवा. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास ही शिष्यवृत्ती, आणि त्याहून अधिक असल्यास राज्याची शुल्कमाफी, यांची चौकशी करावी. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत तिची रक्कम वर्षाला साठ हजारांपर्यंत ठरविलेली आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशास शिष्यवृत्ती मिळत नाही, हे कित्येकांना पैसे भरून झाल्यावर कळते. म्हणून पदवी कोणती याबरोबरच महाविद्यालय अनुदानित की विनाअनुदानित आणि प्रवेश कोणत्या मार्गाने, हे विचारा. शिष्यवृत्तीचा जो हिस्सा मुलाच्या खात्यात जमा होतो तो शुल्काचा पैसा आहे. तो घरखर्चात गेला, तर पुढे तीच रक्कम कर्ज होऊन उभी राहते.

आता हिशेब मांडू. समजा, दोन वर्षांच्या शिक्षणासाठी दरसाल दोन लाख असे चार लाख घेतले आणि व्याज शेकडा दहा आहे. शिक्षणाचा काळ आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसतो. परंतु हप्ता नाही म्हणजे व्याज नाही असे नव्हे. सरळव्याजानेही त्या तीन वर्षांत एक लाख चढतात. मग पाच लाख दहा वर्षांत फेडावयाचे म्हटले, तर हप्ता सुमारे ६,६०० रुपये येतो आणि एकूण फेड जवळजवळ आठ लाखांची होते. मुदत पंधरा वर्षांची केली, तर हप्ता सुमारे बाराशे रुपयांनी उतरतो, पण एकूण फेड पावणेदहा लाखांच्या जवळ पोहोचते. हेच कर्ज दीड लाखाचे असते, तर दहा वर्षांचा हप्ता अडीच हजारांच्या आत राहिला असता.

हा हप्ता कोणत्या मिळकतीतून जाणार? समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण आपल्या देशात १९३६ साली मुंबईस सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या संस्थेत सुरू झाले. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे व अधिक कामगारांच्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले, आणि या पदवीधरांना स्थिर पगाराचा एक मार्ग मिळाला. आज रुग्णालये, बाल संरक्षण कक्ष, समुपदेशन केंद्रे, स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे सामाजिक निधी असे अनेक मार्ग आहेत. परंतु त्यांतील पुष्कळ जागा कंत्राटी आणि मानधनावरील असतात. प्रकल्प संपला की मानधन थांबते, हप्ता मात्र थांबत नाही. दरमहा वीस हजार मिळविणाऱ्याच्या हातून ६,६०० गेले, तर तिसरा हिस्सा गेला. शहरातील खोलीचे भाडे देऊन तो घरी काय पाठविणार? अडीच हजार गेले, तर तो आठवा हिस्सा होतो आणि माणूस तग धरतो. म्हणून माझे मत असे की, हप्ता पहिल्या वेतनाच्या आठव्या हिश्श्यावर जाऊ देऊ नये. आणि ते वेतन संस्थेच्या माहितीपत्रकावरून धरू नका. गेल्या दोन-तीन वर्षांत तेथून बाहेर पडलेल्या चार जणांना प्रत्यक्ष विचारून धरा.

पालकांनो, तुमच्या सहीविषयी एक शब्द. ती सही साक्षीदाराची नसते. सहकर्जदार हा स्वतःच ऋणको असतो. जामीनदाराविषयीही १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ सांगते की, करारात अन्यथा ठरले नसेल तर त्याची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. मुलगा देईल, न दिल्यास मग माझ्याकडे येतील, असा भ्रम ठेवू नका. हप्ता चुकण्याची वेळ आलीच, तर बँकेची नोटीस येण्याची वाट न पाहता मुदत वाढवून मिळावी असा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

काही जण म्हणतील, सेवेच्या कामात पैशाचा हिशेब कसला? बंधूंनो, सावकाराच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या नाव असलेल्या समाजाला तरी हे कोणी सांगू नये. कर्जाने वाकलेला कार्यकर्ता वर्ष-दोन वर्षांत हे क्षेत्र सोडून मिळेल त्या नोकरीस जातो. मग पदवीही वाया जाते आणि ज्यांची सेवा करावयाची ती माणसेही मागे राहतात. हिशेब करणे म्हणजे सेवेकडे पाठ फिरविणे नव्हे, तर वीस वर्षे सेवा करता यावी याची ती तजवीज होय. मुलींना आणि मुलांना अवश्य शिकवा. मात्र हक्काचा पैसा शेवटच्या रुपयापर्यंत मिळवा, उरेल तेवढेच कर्ज घ्या, आणि वाचल्यावाचून कशावरही सही करू नका.

जयभीम.