भाग २३ : वायफाय सारखं तुटतंय? आधी दोष कुणाचा ते ठरवा

आजचा भाग बऱ्याच जणांनी मागितला होता. घरचं वायफाय मधेच जातं, मग आपण राउटर बंद-चालू करतो, दहा मिनिटं बरं चालतं आणि पुन्हा तेच. आज आमच्याच घरचा किस्सा सांगतो. त्यात मी स्वतः इंजिनिअर असून कसा तोंडावर आपटलो, तेही येईल.

मी नोकरीला पुण्यात, घर साताऱ्यात. धाकटी बहीण शेवटच्या वर्षाला आहे. जूनमध्ये तिचा एका कंपनीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू सुरू असताना विसाव्या मिनिटाला नेट गेलं. परत जोडून होईपर्यंत समोरचे लोक निघून गेले होते. तिने फोन केला तेव्हा रडत नव्हती, पण म्हणाली, "दादा, आता पुढच्या गुरुवारी दुसरा आहे. तो पण असाच गेला तर?"

मी काय केलं? इंटरनेटवाल्याला फोन करून झापलं. त्यांचा मुलगा घरी आला, मशीन लावून बघितलं, म्हणाला, "लाइन ओके आहे." दोन दिवसांनी परत आला, परत "लाइन ओके." बाबा त्याला म्हणाले, "तुम्हा लोकांचं हे नेहमीचंच." मी फोनवरून बाबांचीच री ओढली.

शनिवारी घरी गेलो आणि मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. तुम्हीही इथूनच सुरुवात करा.

आपण सगळ्याला मिळून "वायफाय गेलं" म्हणतो, पण यात दोन वेगळे रस्ते आहेत. एक, तुमच्या फोनपासून राउटरपर्यंत, हवेतून. दुसरा, राउटरपासून बाहेर, केबलमधून. तुटतोय कुठला, हे आधी कळलं पाहिजे.

फोनवर हे असं बघायचं. मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर फोन गुपचूप त्याच्यावर जातो आणि तुम्ही फसता. नेट गेलं की ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बऱ्याच ठिकाणी तो १९२.१६८.१.१ असतो, नसेल तर राउटरच्या मागच्या स्टिकरवर सापडेल. लॉगिनचं पान पटकन उघडलं, तर तुमचं वायफाय ठीक आहे, घोळ पुढे आहे. पानच उघडलं नाही, तर घोळ घरातच आहे.

फायबर असेल तर दिवेही बघा. एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला म्हणजे बाहेरून प्रकाशच येत नाहीये. वायर कुठे तुटली असेल किंवा फार वाकली असेल. तिथे तुम्ही काही करू शकत नाही, तक्रार करा.

लॅपटॉप असेल तर अजून सोपं. दोन खिडक्यांत पिंग लावून ठेवा, एक राउटरला आणि एक ८.८.८.८ ला. मी तेच केलं आणि चहा घेऊन बसलो.

साडेसातला मजा दिसली. बहिणीच्या खोलीत राउटरचं पिंग ३ मिलिसेकंदावरून ४०० वर जायला लागलं, मधेमधे उत्तरच नाही. राउटरला केबल लावून बघितलं तर एकदम स्वच्छ. म्हणजे तो पोरगा खरं बोलत होता. लाइन ओकेच होती.

मग वायफाय अॅनालायझर प्रकारचं एक अॅप उघडलं. आसपासची १४ नेटवर्क्स, त्यातली बहुतेक चॅनेल ६ वर, आणि आमचं पण तिथेच. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच धरायची : १, ६ आणि ११. संध्याकाळी सगळी बिल्डिंग घरी येते आणि सगळे एकाच गल्लीत गाडी घालतात. आमच्याकडे ११ मोकळं होतं, ते लावलं. चॅनेलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली. राउटर टीव्हीच्या लाकडी कपाटात कोंबलेला होता, तो बाहेर काढून पॅसेजमध्ये उंचावर ठेवला. हॉलमध्ये ५ गिगाहर्ट्झ वापरायचं, तिथे गर्दी कमी असते. पण भिंती आल्या की ते लवकर दम सोडतं, म्हणून आतल्या खोलीला २.४ च.

पिंग सुधारलं. मी खूश, बाबांना सांगून मोकळा झालो. आणि रात्री नऊला नेट पूर्ण गायब! दोन मिनिटांनी आपोआप परत आलं.

इथे मी आपटलो. एक दोष सापडला की आपण शोधणं थांबवतो, पण आमच्याकडे दोन होते.

राउटरच्या पानावर स्टेटसमध्ये अपटाइम असतो, म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे. आमचा दाखवत होता ६ मिनिटं. घरात कुणी हात लावला नव्हता, लाइटही गेली नव्हती. म्हणजे राउटर स्वतःच बंद पडून परत सुरू होत होता.

मी अॅडॅप्टर हातात घेतला. राउटरच्या स्टिकरवर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर. अॅडॅप्टरवर १२ व्होल्ट, ०.५ अँपिअर. बाबांना विचारलं. ते जरा थांबून म्हणाले, "मागच्या पावसाळ्यात जुना जळला होता. सेट-टॉप बॉक्सचा पडून होता, पिन बसली, म्हणून लावला." पिन बसली म्हणजे झालं असं नसतं. व्होल्ट अगदी तेवढाच हवा, पिनची उलटसुलट जुळायला हवी, आणि अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतो, कमी नाही. रात्री सगळे फोन, टीव्ही जोडले की राउटरला करंट जास्त लागायचा आणि तो मान टाकायचा.

रविवारी बाजारातून नवीन अॅडॅप्टर आणला. सोमवारी रात्री अपटाइम एक दिवसाच्या वर होता.

तुमच्याकडे लाइट गेल्यावर इन्व्हर्टर यायच्या आत राउटर रीस्टार्ट होत असेल, तर तेही अपटाइममध्येच दिसेल. त्यावर राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावा.

आणि हे सगळं करूनही दोष बाहेरचाच निघाला, तर बिनधास्त तक्रार करा. पण "नेट चालत नाही" एवढंच सांगू नका. "अमुक वाजता गेलं, राउटरचं पान उघडत होतं, केबलवर पण नव्हतं, दिवा लाल होता" असं सांगा, फोटो पाठवा. समोरच्याचंही काम सोपं होतं.

गुरुवारी बहिणीचा इंटरव्ह्यू ५० मिनिटं चालला, एकदाही तुटला नाही. निकाल अजून यायचाय. तरी मी तिला सांगून ठेवलं होतं की फोनचा हॉटस्पॉट तयार ठेव, महत्त्वाच्या दिवशी एकाच दोरीवर लटकायचं नाही.

आणि हो, त्या लाइनवाल्या मुलाला बाबांनी स्वतः फोन केला. म्हणाले, "चूक आमची होती, चहाला ये." तो हसला म्हणे.

तर आज घरी गेलात की एकच करा. राउटरचा अपटाइम बघा आणि अॅडॅप्टर स्टिकरशी जुळवून बघा. काय सापडलं ते व्हॉइस नोटमध्ये नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात, तोवर कनेक्टेड राहा!