चाकांवरचे स्वयंपाकघर

अन्न शिजवणे आणि शर्यत धावणे या दोन क्रियांचा वरवर पाहता एकमेकींशी काहीच संबंध दिसत नाही. पहिलीला धीर लागतो, दुसरीला वेग. चूल एका जागी मांडावी, आधण येईपर्यंत थांबावे, पंगत बसली की वाढावे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. परंतु चुलीलाच चाके लावली, ती गावोगाव पळवली, आणि कोणाची चूल जास्त कमावते याचा खेळ मांडला तर काय होईल? असा खेळ प्रत्यक्षात मांडला गेला आहे. अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर ऑगस्ट २०१० मध्ये ‘द ग्रेट फूड ट्रक रेस’ ही मालिका सुरू झाली. पहिल्या वर्षी सात गाड्या देशाच्या पश्चिम भागातून निघून न्यूयॉर्ककडे गेल्या. प्रत्येक मुक्कामी खाद्यपदार्थ विकायचे, शेवटी गल्ला मोजायचा, आणि ज्याचा गल्ला सर्वांत हलका त्याने गाडी घराकडे वळवायची, असा नियम. अखेरीस उरेल त्याला पन्नास हजार डॉलर. ते बक्षीस हॅम्बर्गर विकणाऱ्या एका गाडीने पटकावले. २०१२ पासून तर या धंद्यात अगदी नवखी असलेली माणसे स्पर्धेत उतरवली गेली आणि ज्या गाडीवर ती लढली ती गाडीच विजेत्याला देण्यात आली.

हा खेळ त्याच सुमारास का रंगला, याला कारण आहे. फिरत्या चुलीची कल्पना तेथे जुनीच होती. १८६६ मध्ये चार्ल्स गुडनाइट या टेक्सासमधील पशुपालकाने गुराख्यांच्या तांड्यासाठी शिधा आणि भांडी वाहून नेणारा गाडा तयार केला. १८७२ मध्ये वॉल्टर स्कॉट नावाच्या गृहस्थाने प्रॉव्हिडन्स शहरात रात्रपाळीच्या कामगारांसाठी घोडागाडीतून खाणे विकावयास आरंभ केला. परंतु २००८ च्या मंदीत हॉटेलाचे भाडे परवडेना, तेव्हा अनेक कुशल आचारी गाड्यांकडे वळले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये रॉय चॉय यांच्या गाडीने कोरियन चवीचे मांस मेक्सिकन पोळीत घालून विकले. गाडी आज कोठे उभी राहणार हे ती मंडळी भ्रमणध्वनीवरून कळवीत आणि लोक तेथे रांगा लावीत. गरजेपोटी रस्त्यावर आलेली गोष्ट अशी बघता बघता करमणुकीचा विषय झाली.

आपल्याकडे या चाकांच्या चुलीला सर्वांत मानवलेले शहर म्हणजे बेंगळुरू. गेल्या दशकात येथील कोरमंगला, इंदिरानगर, एचएसआर लेआउट या भागांत संध्याकाळी रंगीत मोटारगाड्या उभ्या राहू लागल्या. एका बाजूची फळी वर उचलली की आत तवा, तळणीची कढई, गॅसची टाकी, पाण्याची पिंपे आणि दाटीवाटीने वावरणारी दोनतीन माणसे दिसतात. संगणकाच्या कचेऱ्यांतून उशिरा सुटणारा तरुण वर्ग हा त्यांचा गिऱ्हाईक. या शहरात दुकानाचा गाळा घ्यायचा तर आगाऊ अनामतच डोईजड होते. तेव्हा भांडवल थोडे आणि हौस मोठी असणाऱ्याला गाडी हा सोयीचा मार्ग वाटावा यात नवल नाही.

तथापि बेंगळुरूची खरी खाद्यस्पर्धा पाहावयाची तर विश्वेश्वरपुरम्‌ला, सज्जनराव सर्कलजवळच्या ‘तिंडी बीदी’त जावे. तिंडी म्हणजे फराळ. आणि बीदी म्हणजे आपल्या जुन्या मराठीतली बिदीच. दिवे लागले की त्या रस्त्यावर तवे तापतात. अक्की रोट्टी पाहून कोकणातल्या माणसाला तांदळाची भाकरी आठवते. पड्डू म्हणजे आपले आप्पे. ओब्बट्टू ही तर पुरणपोळीची सख्खी बहीण. एकाच पदार्थाची अनेक दुकाने लागून लागून असतात. नियमाने पाहता त्यांनी एकमेकांचा धंदा बुडवावा. पण घडते उलटेच. दहा तवे एकत्र आहेत म्हणूनच दूरदूरच्या पेठांतून माणूस तेथवर येतो. एका ठिकाणी डोसा खातो, दुसरीकडे गोड चाखतो, तिसरीकडे सुपारी चघळतो. हॅरल्ड होटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९२९ मधील आपल्या निबंधात प्रतिस्पर्धी विक्रेते एकमेकांपासून दूर न पांगता जवळ का सरकतात, याचे गणित मांडले होते. तिंडी बीदीतील विक्रेत्याला ते गणित वाचावे लागले नाही. शेजाऱ्याची गर्दी ही आपलीही गर्दी असते, हे त्याला अनुभवाने उमगले आहे.

दूरचित्रवाणीवरील शर्यत आणि रस्त्यावरील चढाओढ यांत हाच मोठा भेद आहे. तेथे दर मुक्कामी कोणीतरी बाहेर पडलाच पाहिजे, नाहीतर खेळ पुढे सरकत नाही. येथे कोणी बाहेर पडला तर रस्त्याचेच आकर्षण तेवढ्याने उणावते. मग रस्त्यावरच्या माणसाचा सामना कोणाशी? शेजारच्या तव्याशी नव्हे, जागेशी. हिवाळ्यात अवरेकाळूची, म्हणजे आपल्या वालपावट्याच्या भाऊबंदाची, जत्रा बरीच वर्षे या रस्त्यावर भरत असे. गर्दी मावेनाशी झाली, तेव्हा २०२३ मध्ये ती जवळच्या नॅशनल कॉलेजच्या मैदानावर न्यावी लागली. जत्रेला मैदान मिळाले. रोज पोट भरणाऱ्या हातगाडीला असे मैदान कोण देणार?

वास्तविक या शहराची घडणच जागेच्या विचाराने झाली आहे. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेल्या या नगरात व्यापारानुसार पेठा पडल्या. अक्कीपेठ तांदळाची, रागीपेठ नाचणीची, बळेपेठ बांगड्यांची. पुढे १६३८ नंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि ‘पेठ’ हा शब्द तर पुणेकराच्या जिभेवरचाच. विक्री ही नगराला चिकटलेली घाण नसून नगराचे अंग आहे, ही जाण त्या रचनेत दिसते. आधुनिक नगररचनेने मात्र घरे, कचेऱ्या, रस्ते आणि उद्याने आखली, आणि विकणाऱ्याला नकाशातून वगळले. मग जो नकाशात नाही तो अतिक्रमण करणारा ठरला.

ही चूक सुधारण्याचा यत्न कायद्याने केला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सोदानसिंग खटल्यात रस्त्यावर व्यवसाय करणे हाही, वाजवी बंधनांच्या मर्यादेत, नागरिकाचा मूलभूत हक्क आहे असे मानले. त्यानंतर २०१४ मध्ये संसदेने पथविक्रेता अधिनियम संमत केला. निदान दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची पाहणी करावी. पाहणी पुरी होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणासही उठवू नये. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे. नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांतून निवडलेले असावेत, आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे त्यात सांगितले आहे. हटवावयाचे झाल्यास तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. जप्त केलेला नाशवंत माल मालकाने मागताच त्याच दिवशी परत करावा लागतो. भाजीच्या पाटीचे किंवा इडलीच्या पिठाचे आयुष्य किती, हे कायदा करणाऱ्याने ध्यानात घेतले, ही त्याची माणुसकी.

परंतु मोटारीवर बसवलेल्या स्वयंपाकघराचे नाव या कायद्यात नाही. ते चालते तेव्हा वाहन, थांबते तेव्हा दुकान, आणि शिजवते तेव्हा उपाहारगृह. परिवहन खाते त्याची नोंद पाहते, अन्नसुरक्षा खाते स्वच्छता पाहते, महापालिका व्यापाराचा परवाना विचारते आणि वाहतूक पोलीस ‘येथे उभे राहू नका’ म्हणतो. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी रास्त असते. मात्र सर्वांचे ऐकून गाडी उभी कोठे करावी, हे सांगणे कोणाचेच काम नसते.

यातील विलक्षण गोष्ट अशी की, जागेची हीच अडचण प्रत्यक्ष शासनालाही भोगावी लागली. ऑगस्ट २०१७ मध्ये कर्नाटक शासनाने बेंगळुरूत इंदिरा कँटीन सुरू केली. न्याहारी पाच रुपयांत आणि जेवण दहा रुपयांत. प्रत्येक प्रभागात एक, असा संकल्प होता. परंतु काही प्रभागांत इमारतीपुरती जमीन मिळेना. तेव्हा शासनाने काय केले? कँटीनला चाके लावली. ज्याच्या हाती नगराचा नकाशा आहे त्यालाही गोरगरिबांच्या ताटासाठी रस्त्याच्या कडेला यावे लागले, तर ज्याच्या हाती केवळ एक तवा आहे त्याला ‘तू येथे का?’ असे विचारताना शासनाने आपलाही अनुभव आठवावा.

याचा अर्थ पदपथावर कोणीही कसेही बसावे असा नव्हे. काठी टेकीत जाणाऱ्या वृद्धाला आणि मुलाचे बोट धरून चालणाऱ्या आईला पदपथावर पहिला अधिकार आहे. सांडपाणी, धूर, उघड्यावर ठेवलेला गॅस यांविषयी शेजारच्या रहिवाशांची तक्रार खोटी नसते. म्हणूनच विक्रीस मुभा असलेले, मर्यादित मुभेचे आणि विक्रीस बंदी असलेले, असे तीन प्रकारचे विभाग आखण्याची सोय २०१४ च्या कायद्याने केली. त्या आखणीचे काम कष्टाचे आणि अप्रिय असते. त्यापेक्षा महिन्यातून एकदा गाड्या उचलणे सोपे, आणि दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या की पुन्हा उचलणे त्याहून सोपे. २०२५ मध्ये बेंगळुरूच्या एका महापालिकेच्या पाच महापालिका झाल्या. नवी घडी बसत असतानाच रेघा आखून घ्याव्यात, पाण्याचा नळ आणि कचऱ्याचे पिंप तेथे द्यावे, आणि मग नियम मोडणाऱ्याला खुशाल शिक्षा करावी. जागा दाखवल्यावाचून केलेली शिक्षा ही शिस्त लावीत नाही, फक्त लपावयास शिकवते.

गल्ला मोजून जिंकणारा ठरवण्याची दूरचित्रवाणीची पद्धत खेळापुरती ठीक आहे. नगराला मात्र निराळे मोजमाप हवे. रात्रपाळीहून परतणाऱ्याला दारापाशी ऊन घास मिळाला का, तो देणाऱ्याला उद्याही तेथेच उभे राहण्याची खात्री आहे का, आणि त्या दोघांमधून तिसऱ्याला निर्वेधपणे चालत जाता येते का, हे तीन प्रश्न ज्या रस्त्यावर एकदम सुटतात, त्या रस्त्यावर कोणालाही हरून घरी जावे लागत नाही.